कोर्ट मार्शलचा दंड वसूल करायला गावचा तलाठी कसा?

खानापूर तालुक्यातल्या एका मामांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात देतो. त्यांचा भाचा फौजेत शिपाई होता. पोस्टिंगच्या गावी ‘भरती करून देतो’ म्हणून त्यानं तिथल्या पोरांकडून पैसे घेतले. तक्रार झाली, डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयाचा एक प्रकार) बसलं. एक वर्ष सक्तमजुरी, पन्नास हजार रुपये दंड आणि डिसमिस अशी शिक्षा झाली. भाचा सध्या पंजाबातल्या मुलकी तुरुंगात आहे. इकडे खानापूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाची कन्नडमधली नोटीस बहिणीच्या घरी आली आणि पाठोपाठ तलाठी येऊन जमिनीचे उतारे बघून गेला. उताऱ्यावर भाच्याच्या आजोबांचं नाव आहे, चुलत्यांत वाटप झालेलं नाही. गावात सगळे सांगतात की मिलिटरीची शिक्षा मिलिटरीतच फिटते, मुलकी अधिकाऱ्याचा त्यात संबंध नाही. कुणी म्हणतं खानापुरातून स्टे आणा, कुणी म्हणतं डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना) भेटा, कुणी म्हणतं राज्यपालांकडे दयेचा अर्ज टाका.

मामा, गावकऱ्यांचं ऐकून ती नोटीस बाजूला ठेवू नका. ती कायद्याला धरून असण्याचीच शक्यता जास्त आहे. बेळगावात वकिली करताना फौजी घरांची अशी प्रकरणं माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी महत्त्वाचे महिने चुकीच्या दारात उभं राहून घालवलेले असतात. शिक्षा कुणी दिली, ती पक्की कुणी केली आणि ती राबवतंय कोण, ही तीन वेगळी माणसं आहेत. तुमच्या दारात येतो तो तिसरा. त्याच्याकडून शिक्षा कमी होत नाही. मात्र त्याच्या हातातल्या कागदाच्या पलीकडे त्याला एक पाऊलही टाकता येत नाही, आणि तुमचं खरं बळ तिथं आहे.

१९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचं तेरावं प्रकरण, कलम १६६ ते १७८, शिक्षेच्या अंमलबजावणीचं आहे. लष्कराला प्रत्येक कैद्यासाठी स्वतःचा तुरुंग नाही आणि दंड वसूल करायला तलाठी-सर्कल नाहीत. म्हणून कायद्यानंच ही कामं मुलकी यंत्रणेकडे सोपवली आहेत. कैद असेल तर मुलकी तुरुंगाचा अधीक्षक, दंड असेल तर मॅजिस्ट्रेट, आणि मॅजिस्ट्रेटच्या मागून महसूल खातं.

आधी दंडाचं बघू, कारण तारीख त्याची लागली आहे.

कोर्ट मार्शल कुठल्या शिक्षा देऊ शकतं याची यादी कलम ७१ मध्ये आहे. फाशी, जन्मठेप, कैद, डिसमिस, हुद्दा उतरवणं, पगार कापणं असं सगळं त्यात आहे, पण दंड नाही. म्हणजे पळून गेला, हुकूम मोडला, वरिष्ठाच्या अंगावर गेला अशा निव्वळ फौजी गुन्ह्यात ‘दंड भरा’ अशी शिक्षा होत नाही. दंड येतो तो कलम ६९ मधून. सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालचा गुन्हा फौजी माणसानं केला आणि तो कोर्ट मार्शलनं चालवला, तर त्या मूळ कायद्यात असलेली शिक्षा देता येते. तुमच्या भाच्याचा गुन्हा फसवणुकीचा, आणि फसवणुकीच्या कलमात कैदेबरोबर दंड आहे. म्हणून हा दंड जागेवर बसतो. निकालाच्या प्रतीत कलम ६९ चा उल्लेख आहे का ते पहिल्यांदा बघा. तो नसेल आणि तरी दंड लावला असेल, तर तो दंड मुळातच वादात आणता येईल.

पुढचं कलम १७४. कोर्ट मार्शलनं कलम ६९ खाली दंड केला, की त्या शिक्षेची सही करून प्रमाणित केलेली प्रत भारतातल्या कुठल्याही मॅजिस्ट्रेटकडे पाठवता येते. तो दंड त्या मॅजिस्ट्रेटनं स्वतःच केला आहे असं समजून वसूल करायचा असतो. खटला पंजाबात चालला आणि नोटीस खानापुरातून आली याचा उलगडा इथं होतो. दंडाची वसुली मालमत्ता जिथं आहे तिथं होते, म्हणून प्रत तिथल्या कोर्टात येते.

प्रतीवर सही कुणाची हवी हेही कलमातच आहे. ज्या कोर्ट मार्शलला पुष्टी, म्हणजे निकाल पक्का करणारी वरच्या अधिकाऱ्याची मान्यता, लागते, तिथं पुष्टी देणाऱ्या अधिकाऱ्याची. पुष्टी लागत नाही, तिथं खटला चालवणाऱ्या अधिकाऱ्याची. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल पुष्टीशिवाय वैधच होत नाही, हे कलम १५३ सांगतं. समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो, तिथं साधारणपणे पुष्टीची गरज नाही. तुमचं डिस्ट्रिक्ट आहे. म्हणजे खानापूरच्या फाइलमध्ये पुष्टी देणाऱ्या अधिकाऱ्यानं सही करून प्रमाणित केलेली प्रत असायला हवी. युनिटच्या अ‍ॅडज्युटंटचं नुसतं कव्हरिंग पत्र पुरत नाही. फाइल पाहण्याचा अर्ज करून वकिलामार्फत एवढं आधी तपासा. ती सही नसेल तर वसुली थांबवून योग्य प्रत मागवा असं कोर्टाला म्हणता येतं. मात्र यातून फार मोठं काही पदरात पडेल असं समजू नका. योग्य प्रत पुढच्या टपालानं येते. तुम्हाला वेळ मिळतो, माफी मिळत नाही.

आता वसुली होते कशी? १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४६१ मध्ये दंडवसुलीचे दोन मार्ग आहेत. एक, गुन्हेगाराच्या मालकीची जंगम मालमत्ता जप्त करून विकणं. दुसरा, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून जंगम किंवा स्थावर मालमत्तेतून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम वसूल करणं. तलाठी तुमच्या घरी आला तो या दुसऱ्या मार्गानं. तहसीलदाराकडून चौकशीचा कागद सुटला असणार आणि तो उतारे पाहायला आला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. उलट त्यानं पंचनाम्यात काय लिहिलं, कुणाचं नाव घातलं, हे बघून तुमचं म्हणणं तिथंच लिहून घ्यायला लावा.

याच कलमात घरच्यांना माहीत नसलेली एक ओळ आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेलं वॉरंट गुन्हेगाराला अटक करून किंवा तुरुंगात टाकून राबवता येत नाही. ‘दंड भरला नाही तर पोलीस धरून नेतील’ असं कुणी तुमच्या बहिणीला घाबरवत असेल तर ते खोटं आहे. दंड न भरल्यास अमुक महिने जादा कैद असं निकालातच लिहिलेलं असेल, तर ती कैद भाच्याला भोगावी लागेल. आईला, बापाला, बायकोला नाही. आणि ती जादा कैद त्यानं पुरी भोगली, तर त्यानंतर वसुलीचं वॉरंट सहजासहजी काढता येत नाही. मॅजिस्ट्रेटला त्यासाठी खास कारणं लेखी नोंदवावी लागतात किंवा दंडातून नुकसानभरपाई द्यायचा आदेश असावा लागतो. म्हणून ‘दंड न भरल्यास’ हे वाक्य निकालात आहे का, किती महिन्यांचं आहे आणि भाच्यानं ती कैद भोगली का, हे तिन्ही शोधा. पन्नास हजारांचा प्रश्न त्यावर फिरू शकतो.

उतारा आजोबांच्या नावावर आहे. कायदा ‘गुन्हेगाराची मालमत्ता’ म्हणतो, ‘गुन्हेगाराच्या घराण्याची’ नाही. आजोबा हयात असतील आणि जमीन त्यांनी स्वतः मिळवलेली असेल, तर भाच्याचा त्यात आज काहीच हक्क नाही. तेवढं कागदानिशी दाखवलं की त्या जमिनीचा विषय मिटतो. वडिलोपार्जित असेल तर मात्र भाच्याचा अविभक्त हिस्सा आहे, आणि त्या हिश्शापुरता हात पोचू शकतो. चुलत्यांच्या हिश्शाला नाही, आजोबांच्या हिश्शाला नाही. तलाठ्यानं सगळ्या गटावर बोजा चढवण्याचा प्रस्ताव केला असेल तर चुलत्यांनी स्वतःच्या सहीनं हरकत द्यावी, मामांनी किंवा आईनं नव्हे. ज्याच्या मालमत्तेवर घाला येतो त्याचीच हरकत ऐकली जाते. बायकोचे दागिने, तिचं माहेरचं सामान, तिच्या नावावरची म्हैस, यांना भाच्याच्या दंडासाठी हात लावता येत नाही. जॉइंट खातं असेल तर पैसा कुणाचा होता हे पासबुकावरून दाखवावं लागतं.

एक इशाराही देतो. काही घरांत नोटीस आली की रातोरात भाच्याचा हिस्सा चुलत्याच्या नावावर करून टाकायची धावपळ होते. करू नका. दंड चुकवण्यासाठी केलेला व्यवहार म्हणून तो उलटतो आणि चुलत्यालाही कोर्टात ओढतो. शिवाय दंडाची मुदत लहान नसते. शिक्षा झाल्यापासून सहा वर्षांपर्यंत तो वसूल करता येतो. गुन्हेगार मेला तरी त्याच्या कर्जाला जबाबदार ठरेल अशी मालमत्ता सुटत नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ७० मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे.

हप्त्यांचं बरेच जण विचारतात. कायद्यात हप्त्यांची सोय आहे, पण ती नुसता दंड झालेल्यांसाठी आहे. दंड आणि कैद दोन्ही असेल तर ती थेट लागू होत नाही. तरीही थोडी रक्कम घेऊन गेलात आणि बाकीची ठरावीक तारखेला भरण्याची लेखी हमी दिलीत, तर जप्तीची घाई कमी करायला मॅजिस्ट्रेटला कारण मिळतं. माझा सल्ला विचाराल तर, रक्कम उभी करता येत असेल तर भरून टाका, पावती घ्या आणि उताऱ्याचा घोर संपवा. अपील जिंकलं आणि दंडच रद्द झाला तर तो परत मागता येतो.

आता तुरुंगाकडे वळू.

कोर्ट मार्शलनं कैद दिली की ती लष्करी तुरुंगात भोगायची की मुलकी, हे कलम १६९ खाली पुष्टी देणारा अधिकारी ठरवतो. समरीमध्ये कोर्ट स्वतः ठरवतं. तीन महिन्यांपर्यंतची कैद लष्करी कोठडीतही भोगायला लावता येते. कैदेबरोबर डिसमिसही असेल, तर साधारणपणे माणसाला मुलकी तुरुंगात पाठवतात, कारण तो परत पलटणीत यायचा नसतो. कमांडिंग ऑफिसर ठरलेल्या नमुन्यातलं वॉरंट तुरुंगाच्या अधीक्षकाकडे पाठवतो आणि कैद्याला त्या वॉरंटसह पोचवायची व्यवस्था करतो.

‘मुलकी जेलर फौजी माणसाला कसा ठेवतो?’ हा प्रश्न बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी थांबलेल्या घरच्यांकडून मी अनेकदा ऐकला आहे. उत्तर जुनं आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्यात फौजदारी कैद्याची जी व्याख्या आहे, तिच्यात कोर्ट मार्शलच्या आदेशानं आलेला कैदीही आहे. गेटच्या आत गेल्यावर तो बाकीच्या शिक्षाबंद्यांसारखाच. काम, जेवण, मुलाखत, पत्र सगळं त्या तुरुंगाच्या नियमांप्रमाणे. खटला बरोबर होता की चूक हे अधीक्षक बघत नाही. तो वॉरंट बघतो. वॉरंटच्या वैधतेबद्दलच शंका आली तर तो शासनाकडे विचारणा करतो, स्वतःच्या मनानं कैद्याला सोडत नाही. आणि वॉरंटमध्ये बापाचं नाव चुकलं किंवा नंबरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर माणूस सुटतो अशी एक समजूत आहे, ती सोडा. कलम १७६ नुसार एवढ्या चुकीनं कैद बेकायदा होत नाही आणि कागद दुरुस्त करता येतो.

डिसमिस झाला म्हणजे आर्मी अ‍ॅक्टमधून सुटला, असंही काही जण सांगतात. कैद संपेपर्यंत तो कायदा त्याच्यावर लागूच राहतो, कलम १२३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

सुटकेची तारीख मात्र स्वतः मोजा, ती मोजताना गफलत होते. कलम १६७ नुसार कैद सुरू होते ती कोर्ट मार्शलच्या अध्यक्षानं मूळ कामकाजावर सही केली त्या दिवसापासून. पुष्टीच्या दिवसापासून नाही, तुरुंगात पोचला त्या दिवसापासून तर नाहीच. शिवाय कलम १६९-क नुसार त्याच प्रकरणात चौकशी आणि खटल्याच्या काळात तो मुलकी किंवा लष्करी कोठडीत जितके दिवस होता, तितके दिवस शिक्षेतून वजा होतात. हे कलम १९९२ साली आलं. त्याआधी, १९८७ मध्ये, अजमेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की मुलकी कायद्यातली वजावट कोर्ट मार्शलच्या कैद्याला मिळत नाही. जुनी माणसं अजून तेच सांगत बसतात.

समजा भाचा १२ जानेवारीला क्लोज अरेस्टमध्ये, म्हणजे पहाऱ्याखालच्या लष्करी कोठडीत, गेला, १२ मार्चला अध्यक्षांची सही झाली, २० मेला पुष्टी आली आणि जूनमध्ये तो तुरुंगात पोचला. वर्ष मोजायचं १२ मार्चपासून. मार्च ते जून हा काळ शिक्षेतच गेला. जानेवारी ते मार्च हे दोन महिने वजा. म्हणजे पुढच्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास त्याची मुदत संपते, जूनमध्ये नव्हे. वॉरंटवर आधीच्या कोठडीचे दिवस लिहिले आहेत का, हे अधीक्षकांना अर्ज करून विचारा. लिहिले नसतील तर दुरुस्तीचा अर्ज तुरुंगाकडे नाही, वॉरंट काढणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडे करायचा. तुरुंगाला त्याची प्रत द्या.

पंजाबातून हिंडलग्याला आणता येईल का? मुलकी बाजू स्वतः काही ठरवू शकते अशी ही एक जागा आहे. १९५० च्या कैदी स्थलांतर कायद्यात, कैदी ज्या राज्याच्या तुरुंगात आहे ते राज्य दुसऱ्या राज्याच्या संमतीनं त्याला तिकडे हलवू शकतं. म्हणजे अर्ज पंजाब शासनाकडे, आणि संमती कर्नाटक शासनाची. आई आजारी असल्याचे डॉक्टरांचे कागद, घरातून तिकडे जाण्याचा खर्च न परवडणं, लहान मूल असणं हे सगळं लिहा. एका वर्षाच्या शिक्षेत दोन सरकारांची टपालं फिरेपर्यंत मुदत संपत आलेली असते, हेही खरं. चार-पाच वर्षांची कैद असती तर मी यावर जोर दिला असता. तुमच्या बाबतीत अर्ज टाका, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

मग शिक्षा कमी कोण करतो? खानापूरचा मॅजिस्ट्रेट नाही, बेळगावचे डीसी नाहीत, एसपी नाहीत, आमदारांचं पत्र तर नाहीच. राज्यपालही नाहीत. घटनेच्या अनुच्छेद ७२ मध्ये कोर्ट मार्शलच्या शिक्षेबाबत माफीचा अधिकार नावानिशी राष्ट्रपतींना दिला आहे. राज्यपालांच्या अनुच्छेद १६१ मध्ये कोर्ट मार्शल येत नाही. बेंगळुरूला राजभवनात पाठवलेला अर्ज फार तर दिल्लीकडे ढकलला जाईल.

फौजेच्या आत मात्र बरेच दरवाजे आहेत, आणि ते आधी ठोठवायचे असतात. पुष्टी व्हायच्या आधी कलम १६४ खाली पुष्टी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो शिक्षा कमी करू शकतो, बदलू शकतो, एकदा फेरविचारासाठी कोर्टाकडे परतही पाठवू शकतो. तुमच्याकडे ती वेळ गेली. पुष्टीनंतर त्याच कलमाखाली केंद्र सरकार, लष्करप्रमुख किंवा पुष्टी देणाऱ्याच्या वरच्या ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कामकाज बेकायदा किंवा अन्याय्य असेल तर कलम १६५ खाली ते पूर्ण रद्दही होऊ शकतं. कलम १७९ खाली माफी आणि सूट, १८२ खाली कैद स्थगित करणं, हे अधिकारही आहेत, माणूस तुरुंगात पोचल्यावरसुद्धा. स्थगितीचा उपयोग खरा होतो तो पलटणीत परत घ्यायच्या जवानाला. कैद स्थगित झाली तर दर चार महिन्यांच्या आत तिचा फेरविचार होतो, आणि वागणूक चांगली राहिली तर ती माफ होऊ शकते. डिसमिसची शिक्षा जोडलेली असताना असा आदेश क्वचितच मिळतो. तरी अर्जात मागायला काय हरकत आहे.

असा आदेश झाला तरी दुसऱ्या दिवशी माणूस घरी येत नाही. कलम १७३ प्रमाणे आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडून नवं वॉरंट तुरुंगात पोचावं लागतं. फोनवर ‘साहेबांनी सोडायला सांगितलंय’ म्हणून काही होत नाही. आदेशाची तारीख आणि क्रमांक मिळवून वॉरंट निघालं का याचा पाठपुरावा युनिटकडे करा.

खानापूर किंवा बेळगावच्या कोर्टातून कोर्ट मार्शलला स्टे मिळत नाही. खालच्या कोर्टांना कोर्ट मार्शलच्या निकालावर बसायचा अधिकारच नाही. अपील सशस्त्र दल न्यायाधिकरणात, २००७ च्या कायद्याच्या कलम १५ खाली. न्यायाधिकरण दोष रद्द करू शकतं, शिक्षा कमी करू शकतं, कैद स्थगित करू शकतं, अटी घालून पॅरोलवर सोडू शकतं. शिक्षा वाढवूही शकतं, म्हणून वकिलाला विचारूनच जा. पंजाबात खटला झाला म्हणून चंदीगडला खेटे घालायची गरज नाही. डिसमिस झालेला माणूस आपण राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज दाखल करायचं निवडू शकतो, आणि आपल्यासाठी ते कोचीचं खंडपीठ आहे. पलीकडच्या चंदगडचा जवान असता तर मुंबई. न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयाचं दार बंद झालं अशी चर्चा बरीच वर्षं होती. २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उच्च न्यायालयाचा रिट अधिकार शाबूत आहे. पण एक वर्षाच्या शिक्षेत पायऱ्या ओलांडून उडी मारण्याचा फायदा नसतो. शिक्षा भोगून झाली तरी अपीलाचा उपयोग संपत नाही, कारण खरी मोठी शिक्षा डिसमिसची आहे.

लष्कराच्या पेन्शन नियमांत डिसमिस झालेल्याला आधीच्या सगळ्या नोकरीचं पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही, अपवाद राष्ट्रपतींच्या मर्जीचा. माजी सैनिक म्हणून ओळखही मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिथल्या माणसांवर चिडू नका, डिसमिस शेरा असताना त्यांना ते कार्ड देताच येत नाही. अपीलात डिसमिस रद्द झालं किंवा साध्या डिस्चार्जमध्ये बदललं, तरच ही गाठ सुटते.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन गोष्टी. रजा संपून पोरगा घरीच बसला असेल, तर पोलीस गावात येतात तेही याच कायद्यानं. कमांडिंग ऑफिसरनं मुलकी अधिकाऱ्यांना पळून गेल्याची लेखी माहिती दिली, की कलम १०५ नुसार मॅजिस्ट्रेटचं वॉरंट असल्यासारखी धरपकड करायची असते. पोलीस त्याला वॉरंटशिवायही पकडू शकतात, पण पकडल्यावर विनाविलंब जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. पोलीस येण्याआधी त्यानं स्वतः जवळच्या लष्करी ठाण्यात हजर व्हावं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे, त्यामुळे आपल्या पोरांना ‘जायचं कुठं’ ही सबब सांगता येत नाही. स्वतः हजर झालेला आणि पकडून आणलेला यांत शिक्षा ठरवताना फरक पडतो.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे खाकी किंवा हिरवा गणवेश दिसला की सगळ्यालाच मिलिटरी म्हणतात. वर सांगितलं ते भूदलाचं. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या माणसाला १९५० चाच वेगळा हवाई दल कायदा आहे, तो बराचसा असाच चालतो. खानापूर तालुक्यात तोराळीला असलेल्या सीआरपीएफवाल्यांना १९४९ चा त्यांचा स्वतःचा कायदा, त्यात कोर्ट मार्शल नसतं. दलाच्याच अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटचे अधिकार देऊन खटला चालवतात. बीएसएफचं न्यायालय आणखी वेगळं. कुठल्या दलाचा कागद आहे हे न बघता केलेला अर्ज फुकट जातो.

मामा, आता तारखेच्या आधी करायची कामं. कन्नड नोटीस नीट वाचता येणाऱ्या माणसाकडून, शक्य तर वकिलाकडून, ओळ न ओळ मराठीत लिहून घ्या. ‘दंड भरा’ आणि ‘मालमत्तेची माहिती द्या’ यांत फरक आहे, आणि तोंडी सांगणारा तो गाळतो. भाच्याकडून तुरुंगातून सही करून एक अर्ज मागवा. आर्मी नियम १४७ प्रमाणे पुष्टीनंतर आरोपीला त्याच्या कोर्ट मार्शलच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क आहे, पण मागणी त्याची हवी. वकीलपत्रावरही त्याची सही तुरुंगाच्या अधीक्षकांच्या शिक्क्यानिशी घ्या. आजोबांच्या नावाचा उतारा, फेरफार आणि वंशावळ काढून ठेवा. तारखेला आई एकटी जाऊ नये. चुलत्यांपैकी एक जण स्वतःची लेखी हरकत घेऊन बरोबर असावा. कोर्टात उभं राहिल्यावर भाचा निर्दोष आहे यावर बोलू नका, तो मॅजिस्ट्रेट ते ऐकूच शकत नाही. प्रमाणित प्रतीवर सही कुणाची आहे, दंड न भरल्याची जादा कैद भोगून झाली का, आणि जमिनीत भाच्याचा हिस्सा किती, एवढंच विचारा आणि एवढंच मांडा.